धोंड्याचं घड्याळ

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. भावाला नाही, मित्रांना नाही. दर श्रावणात मी भीमाशंकरला जातो, पिंडीसमोर हात जोडतो, डोळे मिटतो — आणि नेमकी तेवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळं मनात आणतो. देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात. असेल. पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या तोंडानं सांगणं वेगळं. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर अजूनही माझं तोंड उघडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मंचरला माझं बियाण्यांचं आणि खता-औषधांचं दुकान आहे. बरं चालतं. बोगस बियाणं मी आजवर विकलं नाही, त्यामुळे लोक मला शब्दाचा माणूस म्हणतात. आणि ते खरंही आहे — दुकानापुरतं. माणूस गल्ल्यावर खरा असला म्हणजे घरातही खरा असतो, असं कुणी सांगितलं?

घड्याळापासून सुरू करतो. खरं तर माझ्यापासून सुरू करायला हवं, पण घड्याळाबद्दल बोलणं सोपं आहे.

अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, अनारशांचं ताट द्यायचं, आणि जावयाला वाण — ऐपतीप्रमाणे कपडे, चांदीची वाटी, फार झालं तर अंगठी. जावई त्या महिन्यापुरता नारायण असतो. एरवी तो कोण असतो ते ज्याचं त्याला माहीत.

माझे सासरे ओतूरच्या अलीकडचे बागायतदार. मी त्यांना मामा म्हणायचो, घरातले आप्पा म्हणायचे. त्या वर्षी टोमॅटोला असा भाव आला होता की लोक प्लॉटवर खाट टाकून राखण करत होते. मामांचा तोडा बरोबर त्या भावात सापडला. जुन्नर तालुक्यात त्या महिन्यात कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी घराला मजला चढवला. मामांच्या मनात जावयाला या खेपेला काहीतरी मोठं द्यायचं होतं.

आणि मला घड्याळ हवं होतं.

मागितलं नाही हं मी. मागणारा जावई मी नव्हेच. एका औषध कंपनीच्या साहेबाच्या मनगटावर तसलं घड्याळ बघितलं होतं. परदेशी, सेल नाही, चावी नाही, पाठीला काच, आणि हात हलला की आतलं सोनेरी चक्र फिरताना दिसायचं. मनीषासमोर — मनीषा म्हणजे माझी बायको — दोन-तीनदा नुसतं म्हणालो, असलं एक घड्याळ असावं माणसाकडं. बस्स. न मागता मागायची ही कला आम्हा जावयांना शिकवावी लागत नाही. तिनं माहेरी सांगितलं आणि मामांनी नवनाथला पुण्याला पिटाळलं.

नवनाथ म्हणजे मनीषाचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. मामांचा सगळा बाजार तोच बघायचा. नारायणगावला टोमॅटो घेऊन जायचा तेव्हा व्यापारी त्याला जरा दबूनच असत, कारण हा पोरगा क्रेटच्या वरच्या थरावरून खाली काय दडवलंय ते ओळखायचा. त्याला फसवलं असं म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. तर हा नवनाथ पुण्यात दिवसभर चार दुकानं फिरला, घड्याळ पसंत केलं, आणि त्याची पेटी पोटाशी धरून एसटीनं परत आला. मोटरसायकल घरी ठेवून गेला होता. गाडीवर हादरे बसतील म्हणून.

जेवण झालं आणि मामांनी सगळ्या पाहुण्यांसमोर ते घड्याळ स्वतः माझ्या मनगटावर बांधलं. "पाव्हणं, ह्याला सेल न्हाई, चावी न्हाई. ऑटोवर हाय, ऑटोवर!"

आमच्याकडे ऑटो म्हणजे विहिरीवरच्या मोटरीचं ते खटक्याचं साधन. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, माणसानं उठून जायला नको. घड्याळ ऑटोमॅटिक आहे हे नवनाथनं सांगितल्यावर मामांनी ते असं समजून घेतलं होतं. मला त्यांचं हसू आलं. शिकलेला जावई ना मी!

आता माझी अक्कल ऐका. मला तेव्हा साखरेचा त्रास नुकताच सुरू झाला होता आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. हायवेला फरशीच्या दुकानाच्या वर नवीन जिम निघाली होती, तिथे जाऊ लागलो. मनीषानं पहिल्याच दिवशी बजावलं, "आप्पांनी दिलेलं घड्याळ हाय. ते घालून तिकडं जाऊ नका." मी म्हणालो, छे, मी काय वेडा आहे? घरून निघताना घड्याळ खिशात टाकायचो आणि जिमच्या जिन्यात मनगटावर चढवायचो.

हसताय ना? हसा. तिथे भिंतभर आरसे होते. बाकीचे डंबेल उचलताना स्वतःच्या दंडाकडे बघायचे, मी मनगटाकडे. दंडात बघण्यासारखं काही नव्हतंच म्हणा. शेजारचा कुणी विचारायचा, कितीला पडलं, आणि मी मान हलवून म्हणायचो, सासऱ्यांनी दिलंय, किंमत काय विचारायची. चामड्याचा पट्टा घामानं भिजायचा, त्याला वास यायला लागला होता. तिथे शिकवणारा मुलगा एक-दोनदा म्हणाला, "भाऊ, घड्याळ काढून ठिवा." मी त्यालाच शिकवलं. म्हटलं, अरे, हे हाताच्या हालचालीवर चालतं. जेवढा हात हलेल तेवढं त्याला चांगलं. व्यायामानं घड्याळाला ताकद येते असं मी खरोखर धरून चाललो होतो. मामांचं ऑटो आणि माझं ऑटो — यात शहाणा कोण, तुम्हीच ठरवा.

जिमच्या मागच्या अंगणात ट्रॅक्टरचा जुना टायर पडलेला होता. त्यावर घण मारायचा, हा एक व्यायाम. आमच्या बापजाद्यांनी घण मारून विहिरी पाडल्या, आणि आम्ही फी भरून टायरवर घण मारतो. असो. एका सकाळी जरा जोर आला म्हणून मी घण डोक्यावरून आणून घातला. तो टायरवरून उसळला. मनगटात कळ गेली, आणि घड्याळात काहीतरी सुटलं. कानाशी धरून हलवलं तर वाळलेल्या शेंगेसारखं खुळखुळलं. काटे जागच्या जागी थांबले होते. तो मुलगा जवळ आला, बघितलं, आणि म्हणाला, "म्या म्हणलं व्हतं, भाऊ." पुढे जे काही झालं त्यात त्याला कधी कुणी काही विचारलं नाही.

इथवर गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखीच आहे की नाही? माझी वस्तू, मीच मोडली. घरी येऊन तसं म्हणालो असतो तर काय झालं असतं? मनीषा चार दिवस फुगली असती. मामांनी कपाळावर हात मारला असता आणि मग हसले असते. नवनाथ ते घेऊन पुन्हा पुण्याला गेला असता. मग मी का नाही म्हणालो? याचं काहीतरी मोठं कारण सापडेल म्हणून मी पुष्कळ दिवस शोधलं. मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. पण कारण तेवढंच — खिशात घालून न्यायचो हे बायकोला कळलं असतं. बेचाळीस वर्षांचा घोडा, दोन लेकरांचा बाप, आणि जिन्यात चोरून घड्याळ घालतो हे उघडं पडलं असतं. एवढ्यासाठी.

मी मनीषाला म्हणालो, आपोआप बंद पडलं.

तिनं माहेरी फोन केला. मामांना काही उमजेना. "ऑटो बंद पडतं ते लाईट गेल्यावर," ते म्हणाले, "मंग ह्याची कंची लाईट गेली?" मनीषा हसली आणि फोन माझ्याकडे दिला. तिकडून मामा काळजीनं विचारत होते, पाव्हणं, नेमकं झालं काय? आणि मी — आता लक्ष द्या, कारण मी जे केलं ते हेच — मी अगदी समजूतदार आवाजात म्हणालो, "जाऊ द्या मामा. डुप्लिकेट लागलं असेल. फसवलं असेल दुकानदारानं नवनाथला."

बघा, वरवर बघितलं तर मी मेव्हण्याची बाजूच घेतली. दोष दुकानदाराला दिला, तोही नाव-गाव नसलेल्या. पण मामांना आपला पोरगा चांगला माहीत होता, आणि ते मला माहीत होतं. नवनाथला कोण फसवणार? ज्याला फसवताच येत नाही त्यानं खोटी वस्तू आणली, तर त्याचा अर्थ काय निघतो? मामा फोनवर गप्प झाले. पलीकडे कुठंतरी रेडकू ओरडत होतं, ते ऐकू येत होतं. बोललेलं मागे घ्यायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी म्हणालो, ठेवतो मामा, दुकानात गिऱ्हाईक आलंय.

गिऱ्हाईक आलं नव्हतं. मी घरात उभा होतो.

दुसऱ्या दिवशी नवनाथ मंचरला आला. तोंड उतरलेलं. हातात दुकानाचं बिल. "दाजी, चला माझ्यासंगं. गॅरंटी हाय. उघडून बघूंद्या त्यांना." उघडलं की ते सांगणार — मार बसलाय. तेव्हा मी काय केलं माहीत आहे? मी मोठा झालो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रे. मानाची वस्तू, तिची काय तक्रार करायची?" तो म्हणाला, मग निदान माझ्याकडे द्या, मी एकटा जाऊन येतो. तर मी म्हणालो, दिलेलं वाण परत नेत नसतात, नवनाथ. अधिकाचं वाण आहे ते. रीतच तशी आहे. मी रीतीला कधी फारसा भाव देणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी ती बरोबर आठवली. तो बिल खिशात घालून, चहा न घेता निघून गेला.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. जो 'उघडून बघा' म्हणत फिरतो त्याच्यावर लोक संशय घेतात आणि जो 'जाऊ द्या' म्हणतो त्याला थोर म्हणतात. मामांच्या भावकीत कुणीतरी बोललं, बिल काय, बिलं पाहिजे तशी करून मिळतात. जावयाच्या वाणात हात मारला पोरानं. नुसती पैशाची अफरातफर असती तर आमच्याकडे माणसं चार शिव्या देऊन विसरली असती. पण बहिणीच्या नवऱ्याच्या वाणात, तेही अधिक महिन्यात! मामांनी नवनाथला बाजाराला पाठवणं बंद केलं. टोमॅटोची गाडी पुतण्याबरोबर जायला लागली. बाप-लेक एका घरात राहायचे आणि बोलणं मामींच्या मार्फत चालायचं. "त्याला म्हणावं, पाणी धरायचंय." "त्यांना म्हणावं, धरलंय." मनीषा माहेराहून आली की रडायची, भावाला शिव्या द्यायची, आणि मग माझ्याकडे बघून म्हणायची, तुम्ही होता म्हणून एवढं पोटात घातलं, दुसरा असता तर गावभर तमाशा केला असता. मी मान खाली घालायचो. तिला तो माझा भलेपणा वाटायचा.

तुम्ही म्हणाल, वेळ गेली नव्हती. नव्हतीच गेली. पुढे एकदा कंपनीच्या मीटिंगला पुण्याला गेलो तेव्हा ते घड्याळ बरोबर नेलं आणि गुपचूप दुरुस्त करून आणलं. दुरुस्त करणाऱ्यानं पैसे घेताना सांगितलं, जोरात आपटलंय कुठंतरी, बाकी माल अस्सल आहे. म्हणजे आता माझ्याजवळ चालतं घड्याळ होतं. नुसतं नेऊन मामांसमोर ठेवायचं होतं. पण चालतं घड्याळ दाखवायचं म्हणजे ते बंद कशानं पडलं तेही सांगायचं, आणि एवढे महिने गप्प का बसलो तेही. खोटं शिळं झालं की ते कबूल करणं जास्त जड जातं, हे मला तेव्हा कळलं. घड्याळ दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, वर भेंडीच्या बियाण्याची पाकिटं ठेवली. वापरात नसलं की ते दोन दिवसांत थांबायचं. मी अधूनमधून काढून हलवायचो. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही.

आतापर्यंत जे सांगितलं ते भ्याडपणात जमा करा. आता पुढचं.

शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड झालंय, ते आमच्या आंबेगाव-जुन्नरात कुणालाही विचारा. दहा एकर बागायत असली तरी मुलीचे आई-वडील आधी विचारतात, नोकरी कुठाय? नवनाथची तीन-चार ठिकाणी बोलणी होऊन फिसकटली होती. आणि अशात घोडेगावकडचं एक स्थळ आलं. मुलगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. बघण्याच्या दिवशी तिनंच नवनाथला विचारलं म्हणे, तुम्ही टोमॅटोला औषध मारता तेव्हा तोंडाला काही बांधता का? नवनाथ म्हणाला, कधी बांधतो, कधी न्हाई. ती म्हणाली, बांधत जा. घरी आल्यावर नवनाथ हे चार-चारदा सांगत होता, मनीषानं मला सांगितलं. कितीतरी दिवसांनी तो मामांशीही दोन वाक्यं बोलला होता. मुलीला पसंत, घरच्यांना पसंत, सुपारी फोडायची तेवढी राहिली होती.

आमच्यात सुपारी फोडण्याआधी मुलीकडचे चौकशी करतात. मुलाच्या गावात करतात, पण गाव कधी द्वेषानं बोलतं, कधी प्रेमानं. म्हणून खरी चौकशी करायची ती मुलाच्या दाजीकडे. दाजी घरातला असतो आणि घरातला नसतोही. त्याचं ऐकतात.

मुलीचा चुलता माझ्या दुकानात आला. डिंभ्याकडचा, साधा माणूस, मोटरसायकलवरून आलेला, टोपीवर धूळ. मी चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं, धरणात पाणी किती, कांद्याचं काय. मग त्यानं आवाज बारीक केला. "पाव्हणं, पोरगं कसं हाय? तुमी सांगाल ती पूर्व दिशा आमाला."

मी म्हणालो, कष्टाळू आहे. सुपारीचंही व्यसन नाही. हे अगदी मनापासून म्हणालो. त्याचा चेहरा फुलला. मग तो जरा अडखळत म्हणाला, "त्ये घड्याळाचं काय ऐकलं व्हतं... ते खरं काय वो?"

आम्हा दोघांच्या मध्ये, काउंटरच्या आत, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर तो ड्रॉवर होता. "खोटं आहे" — दोन शब्द. नुसतं खोटं आहे म्हणालो असतो तरी चाललं असतं, खरं काय ते सांगायचीही गरज नव्हती. पण मग तो विचारणार, मग घड्याळ बंद पडलं कशानं? हे बघा, असल्या वेळी माणसाचं डोकं फार वेगानं चालतं, आणि फक्त स्वतःसाठी चालतं. मी म्हणालो, "जाऊ द्या हो. घरातली गोष्ट आहे. मी तर विसरलो पण. बाकी तुमचं तुम्ही बघा."

तुम्ही आमच्याकडचे असाल तर आता तुम्हाला काही सांगायला नको. नसाल तर सांगतो. सोयरिकीच्या चौकशीत 'बाकी तुमचं तुम्ही बघा' याचा एकच अर्थ होतो. मुलगी देऊ नका. मी वाईट बोलणार नाही, नात्यानं बांधलेला आहे, पण तुम्ही काय ते समजा. हे वाक्य मी स्वतः दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून दोन ठिकाणची बोलणी मोडलेली आहेत. त्याचा अर्थ काय होतो हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. त्या माणसानं अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला. "बरं केलं सांगितलं," म्हणाला. मी काही सांगितलंच नव्हतं. टोपी सारखी करून तो उठला, आणि जाताना माझ्या पाया पडतो की काय असं मला वाटलं, इतका त्याला माझा आदर वाटला होता.

स्थळ मोडलं. त्यांनी निरोप पाठवला की पत्रिका जुळत नाही.

नवनाथ थोड्या दिवसांनी दुकानात आला. स्टुलावर बसला. औषधाची एक बाटली उचलून परत ठेवली. मग म्हणाला, "दाजी, त्यांचा चुलता आलता ना तुमच्याकडं? काय म्हणला तुमी?" मी म्हणालो, चांगलंच सांगितलं रे, कष्टाळू आहे म्हणालो, निर्व्यसनी आहे म्हणालो. यात एक शब्द खोटा नव्हता! त्यानं मान डोलावली. "मंग आप्पांनीच त्यांच्या कानावर घातलं आसंल," म्हणाला. म्हणजे बापानं आपलं स्थळ मोडलं अशी त्याची समजूत झाली, आणि मी ती होऊ दिली. एका वाक्यात मी मुलाला बापाच्या मनातून उतरवलं होतं, आणि आता नुसता गप्प बसून बापाला मुलाच्या मनातून उतरवलं.

मामा पुढे आजारी पडले. छातीचं दुखणं. दवाखान्यात मी रोज जायचो, डबा न्यायचो, सगळे म्हणायचे, जावई असावा तर असा. एके दिवशी निघताना मी ड्रॉवर उघडला आणि घड्याळ खिशात घातलं. ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. यावर विश्वास ठेवा की ठेवू नका, मला काही फरक पडत नाही.

दुपारची वेळ, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मामांनी मला जवळ बसवलं. माझा हात धरला. "पाव्हणं, तुमी लई मोठ्या मनाचं. येवढं झालं, पर भायेर कुठं बोलला न्हाई." म्हातारा काहीतरी चघळत होता मनात. आणि मग त्यांनी विचारलं — मला, दुसऱ्या कुणाला नाही — "खरंच त्यानं केलं आसंल का वो? माझं मन घेत न्हाई. तुमाला काय वाटतं?"

याहून सोपं करून कुणी देतं का? बापानंच दार उघडून ठेवलं होतं. मला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. घड्याळ मांडीला टोचत होतं. दवाखान्याच्या जिन्यात खिशातून हलत आलेलं, त्यामुळे चालू होतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या मामा. झालं गेलं."

त्यांनी डोळे मिटले. "व्हय," म्हणाले, "तुमीच म्हणता तर मंग..." पुढचं बोलले नाहीत. मला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं होतं. माझं बोलणं सगळ्यांना बरोबर कळतं. आठवडाभरात ते गेले. नवनाथला त्यांनी शेवटपर्यंत जवळ बोलावलं नाही, आणि नवनाथही आपण होऊन दाराच्या आत आला नाही. दवाखान्याच्या बाहेर रिक्षांच्या शेजारी उभा असायचा. मी येता-जाता त्याला बघायचो, बिस्किटाचा पुडा द्यायचो.

या सगळ्यात माझं काय गेलं? काही नाही. दुकान चालू आहे. साखर आटोक्यात आहे. सासरवाडीत माझा शब्द शेवटचा. मामांच्या माघारी जमिनीच्या वाटण्यांचं बोलणं निघालं तेव्हाही भावकीनं मलाच मध्ये बसवलं, कारण मी निःस्पृह माणूस! घोडेगावच्या मुलीचं लग्न झालं, तिला मूल आहे असं ऐकतो. नवनाथ पस्तिशीला आला. आता त्याला स्थळं येत नाहीत, आणि तोही विचारत नाही. कानाजवळ केस पांढरे झालेत. पूर्वी सगळ्या बाजाराला हसवणारा पोरगा, आता कामापुरतं बोलतो.

आणि यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला.

मला वाटलं होतं, यंदा कोण बोलावणार? मामा नाहीत, मामींचे गुडघे गेलेत. पण नवनाथचा फोन आला. "दाजी, आप्पा न्हाईत म्हून काय झालं? ताईला घेऊन जेवायला या. रीत मोडायची न्हाई." मी म्हणालो, कशाला उगाच दगदग. तो म्हणाला, "तुमी आमचं येवढं झाकलं, आन आमी तुमाला जेवायला बी घालू नये व्हय?"

गेलो. धोंडे मामींनी बसल्या बसल्या केले होते. दोन पाट मांडलेले, रांगोळी त्यानंच काढली असावी, वेडीवाकडी होती. मला आणि मनीषाला पाटावर बसवलं. समोर पितळेची परात ठेवली. जेवणाआधी लेक-जावयाचे पाय धुतात, लक्ष्मी-नारायणाचे म्हणून. ते जोडप्यानं धुवायचे असतात — बाईनं तांब्यानं पाणी सोडायचं आणि पुरुषानं पाय चोळायचे. मामा-मामी असेच धुवायचे.

नवनाथ एकटाच परातीसमोर बसला. डाव्या हातानं तांब्या तिरका केला आणि उजव्या हातानं पाय धुवायला बघू लागला. एका हाताला ते जमेना. पाणी परातीबाहेर जात होतं. मनीषा तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावत होती. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं. ओशाळून हसला, तांब्या दुसऱ्या हातात घेतला, आणि म्हणाला, "दाजी, पाय वाईच पुढं घ्या."

मी पाय पुढे घेतले.